कपाळाचं माप

जर्मनीत शिकून आलेल्या डॉक्टरांनी पितळी चिमट्यानं माझं कपाळ मोजलं. आमची पारध्यांची वस्ती इंग्रज सरकारनं जन्मानंच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात कोंडली होती. डॉक्टरांनी होकार दिला, तर मला बाहेर गिरणीत काम मिळणार होतं.

“टोपी शिवताय का, सायेब?” वस्तीतल्या झुंबर मावशीनं विचारलं. भोवतीच्या बाया हसल्या.

“कपाळ अरुंद आहे. तिकडच्या वंशशास्त्राप्रमाणे चोरी याच्या रक्तातच आहे,” डॉक्टर म्हणाले. “सोडता येणार नाही.”

“पर त्यानं कधी काडी उचलली नाय,” आई म्हणाली.

“उचलेल.”

खोपटात आईनं माझं डोकं मांडीवर घेतलं, तेल लावलं आणि ती दोन्ही अंगठ्यांनी कपाळ ताणू लागली.

“तान्हा होतास तवा मीच नीट चोळलं नाय रे,” ती रडत म्हणाली. “माझ्याच हातानं तुझं वाटोळं झालं.”