वाकवल्याबिगर

बोरीतल्या आप्पांच्या जुन्या स्कूटरला एकच खोड होती. एका अंगावर वाकवल्याबिगर ती चालूच व्हायची नाही. सासर सोडून माहेरी आलेल्या त्यांच्या लेकीनं, मंजुषानं, शेवटी स्कूटरचं इंजिनच खोललं. सिलिंडर बोअर करून आणला, नवा पिस्टन बसवला, कार्बोरेटर पार धुऊन काढला.

शेवटचा नट आवळत होती, तेवढ्यात सासरे तिला न्यायला अंगणात हजर! बशीतला चहा फुरकत म्हणाले, "हे काय नटबोल्ट घिऊन बसलीस पोरी? नवऱ्याचा हात उठतोच कवा कवा. बाईमाणसानं जरा वाकून घेतलं की संसार चालतो."

आप्पांनी मान खाली घातली. मंजुषानं स्कूटर स्टँडवरून काढली. तसे आप्पा सवयीनं ओरडले, "आगं, आधी वाकव तिला! सरळ न्हाई चालू व्हायची ती!"

तिनं स्कूटर ताठ उभी धरली अन् एकच किक मारली. अंगणभर धूर झाला. सासऱ्यांच्या बशीतला चहा हिंदकळला.



"मी खोलून नव्यानं बांधलीय तिला, आप्पा," मंजुषा सासऱ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, "आता न्हाई वाकायची ती."