रुमाल टाकलेली जागा

औसा रोडवरचं बॅटरी-दुरुस्तीचं दुकान बंद करून अंगद घरी आला, तो तिळाचा लाडू चघळतच. पायरीवर टेकला आणि त्यानं दोन्ही हात पसरले. साडेतीन वर्षांची भार्गवी आतून धावत सुटली. पण उंबऱ्यातच आईनं, अयोध्यानं, तिला धरलं.

"आधी आंघोळ," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, माझी आंघोळ होस्तोवर ही झोपती! आठ दिवस झाले, लेकीला खांद्यावर घेतलं न्हाई मी."

गेल्या आठवड्यात त्याच्या रक्तात शिसं निघालं होतं. फार नाही, पण डॉक्टरांनी डोळे वटारावेत इतकं. दुकानात खायचं नाही, घरी येताच घासून आंघोळ करायची, त्याआधी लेकराला हात लावायचा नाही. लहानांच्या अंगात शिसं लवकर भिनतं. शिवाय तीळ, दूध, डाळी, पालेभाजी भरपूर खायची. एवढ्या सगळ्यातून अंगदनं मनावर घेतला तो फक्त लाडू.

"तीळ खायलोय की रोज! मनू, तीळ कशाला खायचे ते तूच सांगितलंस ना?" त्यानं धाकट्या बहिणीला साक्षीला ओढलं. मनस्विनी 'नीट'च्या क्लासचं जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन दारात बसली होती.

"सांगितलं की. पोटात लोह, कॅल्शियम, जस्त असलं की शिशाला आत शिरायला जागा कमी मिळती."

"म्हंजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकल्यासारखंच! आपण जागा धरली. आता शिसं येऊ दे की, ऱ्हाईल उभं!" स्वतःच्या हुशारीवर अंगद बेहद्द खूश झाला.

"कमी मिळती म्हणले, दादा. मिळतच न्हाई असं न्हाई म्हणले. अन् उभी राहिलेली माणसं बी औशाला पोचतातच की."

"अन् तुमच्या पोटात रुमाल हाय," अयोध्या म्हणाली. "हिच्या पोटात कुणी टाकलाय?"

अंगद पायरीवरच बसून राहिला, तोंड पाडून.

भार्गवीला मोठ्यांच्या भांडणात रस नव्हता. तिचा रोजचा खेळ बुडत होता. बाबा बस, ती खांद्यावरची कंडक्टर. एक टिंग म्हणजे थांबायचं, दोन म्हणजे सुटायचं. तिनं फ्रॉकला टाचलेला रुमाल ओढून काढला आणि नेम धरून फेकला. तो बरोबर बापाच्या गुडघ्यावर पडला.

"माजी शीट!"

अंगद खळखळून हसला. परत द्यायला त्यानं रुमाल उचलला, आणि हसू तोंडातच राहिलं. पांढऱ्या रुमालावर पिवळं बदक होतं. त्या बदकावर त्याची चार बोटं काळीकुट्ट उमटली होती. पिवळी म्हणावी अशी नुसती चोच उरली होती. आठ दिवसांपूर्वीपर्यंत तो लेकीचे गालगुच्चे रोज याच बोटांनी घ्यायचा.

तो उठला. "साबण कुठंय?"

"ठेवलाय आत. तो रुमाल बी घेऊन जा, येगळा धुवा."

न्हाणीत त्यानं नखांना ब्रश लावला. काळं पाणी वाहत होतं, आणि बाहेर लेकीचा आवाज थांबला होता. झोपली की काय?

"ए कंडक्टर!" तो आतून ओरडला. "बस धुवायला डेपोत आलीय. झोपू नको गं!"

त्यानं ब्रश थांबवून कान दिला. मग एक पेंगुळलेली "टिंग" आली.

घाईघाईनं तो टॉवेल गुंडाळायला लागला, तोच दाराबाहेरून अयोध्या म्हणाली, "कोपरं ऱ्हायली असतील." राहिलीच होती. त्यानं मुकाट्यानं पुन्हा साबण घेतला.

धुतलेल्या कपड्यांत तो पायरीवर येऊन पाठमोरा बसला. केसांतून पाणी गळत होतं. या वेळी अयोध्यानं लेकीला धरलं नाही. स्वतःच उचलून त्याच्या खांद्यावर बसवलं. दोन इवल्या मुठींनी त्याचे ओले केस घट्ट पकडले.

"टिंग टिंग!"