लामचा नकार

“विचार त्याला,” बाबा म्हणाले. “लामची आई, तूच विचार. तुझं ऐकतो तो.”

लाम पितरांच्या देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर, फोटोत होता. अकरावीत असताना मेंदूज्वराने गेला. त्याला गणित, भौतिक, रसायन घेऊन पुलांचा इंजिनियर व्हायचं होतं. बाबा दाय नदीवर माणसं पलीकडे नेणारी होडी चालवत. पूल झाला की होडी बंद, पोट बंद. तरी पैलतीराला जाणाऱ्या प्रत्येकाला ते कौतुकाने सांगत, “माझाच लेक मला घरी बसवणार आहे, बघा!”

आता त्याच्या धाकट्या बहिणीची, मिएनची पाळी होती. उद्या तिला शाळेत पुढे कोणते विषय घेणार ते सांगायचं होतं. बाबांनी लामची पुस्तकं केव्हाच तिच्या टेबलावर आणून ठेवली होती. मिएनचा जीव इतिहासात. भौतिकाची गणितं सोडवताना तिच्या डोळ्यांतलं पाणी वहीवर पडे. पण गेलेल्या भावाला नको कसं म्हणायचं?

“इतिहास शिकून नदीवर काय बांधशील? राजांच्या वंशावळी?” बाबा म्हणाले. मग फोटोकडे बघून त्यांचा आवाज उतरला. “तो हो म्हणेल. त्याचंच तर राहिलेलं काम आहे.”

आईने उदबत्ती लावली. बशी पुढे ओढली.

त्या बशीत दोन जुनी, काळवंडलेली तांब्याची नाणी असत. प्रत्येकाच्या एकाच बाजूला विड्याचा चुना लावलेला. एक पांढरं, एक काळं पडलं की गेलेलं माणूस ‘हो’ म्हणतं. दोन्ही पांढरी पडली की हसतं. दोन्ही काळी म्हणजे ‘नाही’. लाम गेल्यापासून आई रोज संध्याकाळी त्याच्यापुढे भाताची वाटी ठेवी, नाणी टाकी आणि विचारी, “जेवलास का रे?” हो आल्यावाचून ती स्वतः घास घेत नसे. कधी नाणी हसत. मग आईही हसे. वर्षभरात ती हसली असेल तर तेवढीच.

“लाम,” आई म्हणाली, “मिएनने तुझे विषय घ्यावेत का?”

दोन्ही काळी.

“नीट ऐकलं नसेल,” बाबा म्हणाले. “परत विचार.”

दोन्ही काळी.

तिसऱ्यांदा नाणी बशीत गरगर फिरली. दोन्ही काळीच पडली.

बाबा उठले. मिएनच्या टेबलावरची पुस्तकं त्यांनी छातीशी धरून आणली आणि फळीखाली रचून ठेवली.

“त्याला त्याची जागा कुणाला द्यायची नाही,” ते म्हणाले. “राहू दे. शीक तुझे राजे.” आणि धक्क्यावर निघून गेले.

मिएनने नाणी उचलली. सहज उलटून पाहिली. मागची बाजूही काळीच होती. दोन्ही नाण्यांवर चुना नव्हता. आईच्या अंगठ्याच्या नखात मात्र पांढरी पूड अडकली होती.

“आई!”

“हळू. एक पोर गेलं. त्याच्या जागी बसवून तुलाही घालवू का मी?”

मिएनला हुंदका आवरेना. ती आईच्या कुशीत शिरली. बाहेर अंधारून आलं होतं. आईने तिला दूर केलं, भाताची वाटी भरली, फोटोपुढे ठेवली. सवयीने हात बशीकडे गेला आणि मधेच थांबला.

मिएनने विड्याचा डबा उघडला. “आण, मी लावते चुना. होता तस्सा.”

आईने नाणी तिच्या हातातून काढून घेतली आणि डोक्याच्या रुमालाच्या टोकात बांधून टाकली.

“त्याच्या तोंडी खोटं घातलं मी,” ती म्हणाली. “आता कुठल्या तोंडाने विचारू, जेवलास का म्हणून?”