मेणावरचा अंगठा

धावडा गावात गेलेली लाइट आली की रामकिसन मेणबत्ती चिमटीत विझवायचा आणि वरच्या मऊ मेणावर अंगठा दाबायचा. कडबाकुट्टीच्या पात्यात सापडल्यापासून त्या अंगठ्यावर तिरका व्रण होता. उरलेले तुकडे तो डब्यात टाकायचा.

तो गेल्यावर दीड महिन्यानं, दुपारच्या वेळी, त्याच्या बायकोनं, नंदाबाईनं, ते तुकडे पातेलीत वितळवले आणि मधे वात धरून स्टीलच्या पेल्यात ओतले.

मेण थिजलं, तर वर अंगठा उठलेला. तिरक्या व्रणासकट.

"आत्याबाई, जुनंच मेण हाय, राह्यला आसंल," दैवशाला, तिची सून, म्हणाली. "पुन्हा पातळ करा."

पुन्हा केलं. पुन्हा तोच ठसा.

तिसऱ्यांदा नंदाबाईनं दाराला कडी घातली आणि पेला मांडीशी घेऊन त्यावर नजर रोखून बसली. साय धरावी तसं मेण हळूहळू आळत गेलं. गुळगुळीत, कोरं. तिचा जीव भांड्यात पडला. तिनं कडी काढली.

"दैवशाला, बघ, न्हाई उठला आता!"

सुनेनं पेल्याकडं पाहिलंच नाही.

"आत्याबाई, कपाळाला काय लावलं?"

नंदाबाईनं हात नेला. पुसलेल्या कुंकवाच्या जागी मेणाचा गोल टिळा होता, अजून कोमट. तिच्या बोटाला मधोमध एक तिरकी रेघ लागली.