जिराफाचा कान

मालकिणीच्या मुलाला मी दर शनिवारी सिंगापूरच्या बालसंग्रहालयात न्यायचे. तिथे लुटुपुटूचा बाजार होता. दारावरच्या रंगवलेल्या जिराफाच्या कानापेक्षा उंच माणसाला आत मज्जाव. मी बाहेरून फिलिपिन्सला माझ्या ॲनालिनला फोनवर सगळं दाखवायचे. “आई, त्या तराजूवर मी मासे तोलणार हं!” “तू ये तर खरी!” दरवर्षी काहीतरी निघायचं आणि तिचं येणं राहून जायचं. फोनवर फक्त चेहरा दिसायचा. आठ वर्षांनी ती आली. विमानतळावर तिनं मला वाकून मिठी मारली, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी तिला थेट तिथेच नेलं. दारावरचे काका हसले. “अहो ताई, ही तर जिराफालाच कडेवर घेईल!” ॲनालिननं माझ्याकडे पाहिलं. मग जिराफाला पाठ टेकवून तिनं हळूहळू गुडघे वाकवले. “काका, आता मोजा बघू.”