सालोमीमावशीचा आराम

आमच्या गावच्या चर्चचे नवे पाळक बोलतात फार. माझ्या निरोपाला इतकं बोलले, की बायका डुलक्या घ्यायला लागल्या. “सालोमीमावशींनी आयुष्यभर चर्च झाडलं, प्रभुभोजनाचे प्याले धुतले. आता त्यांनी आराम करावा.”

आराम मागितला होता कुणी?

पुढल्या रविवारी पहिल्यांदाच रिकाम्या हातांनी गेले. आजवर उपासनाभर मी दाराशी उभी असायचे. रडकं लेकरू बाहेर न्यायचे, म्हाताऱ्यांना पाणी द्यायचे. सतरंजीवर घराघराची जागा ठरलेली. बायका हसल्या, पण सरकलं कुणी नाही. ‘सरका’ म्हणायची मला सवय नाही. चपलांपाशी बसले.

चर्च सुटल्यावर पाळक म्हणाले, “काय मावशी, निवांत बसलात ना आज?”

“बसले की,” मी म्हणाले. “पण पाळकसाहेब, पाहुणीलासुद्धा लोक सरकून जागा देतात. तुम्ही मला आराम नाही दिलात, घरातून काढलंत.”