जिन्यावरची खटखट

बाबांना लेकीचं नावसुद्धा आठवेनासं झालं होतं, पण बुटांची निगा काही ते विसरले नव्हते. रोज सकाळी ब्रश मारायचा, पॉलिश चोळून बूट आरशासारखे चकचकीत करायचे आणि निवृत्त होऊन जमाना लोटला तरी कामावर निघायचं! कातडी तळाचे ते बूट जिन्यावर खटखट वाजले, की लेक हातातलं काम टाकून धावायची आणि त्यांना जिन्याच्या वळणावर गाठायची.

"बाबा, आज सुट्टी आहे हो!"

"मग आधी नाही का सांगायचं?" असं पुटपुटत ते माघारी फिरायचे.

परवा ओल्या पायरीवर त्यांचा पाय सटकला. हाड मोडता मोडता वाचलं. लेकीने लगोलग बूट दुकानात नेऊन तळाला जाड, मऊ रबर बसवून आणलं.

"आता बिनघोर राहा ताई," दुकानदार म्हणाला, "घसरतील तर शपथ!"

आज ती चहा घेऊन बाबांच्या खोलीत गेली, तर खाटेवर नुसता ब्रश पडलेला.


बाहेरचं दार सताड उघडं होतं आणि जिना वाजलाच नव्हता.